काटेरी करडईचे तेल

करडईच्या रानात भर उन्हात काढणीला कोणी धजावत नाही. पीक वाळले की पानांच्या कडांचे काटे कडक होतात. म्हणून काढणी पहाटेची. दवाने काटे जरा नरमतात आणि बीही झडत नाही. तरीही हातापायांना फडकी गुंडाळावीच लागतात. हे काटे शेतकऱ्याने कामालाही लावले: ज्वारीच्या रानाला कडेने करडईची दोन तासे पेरली की जनावर आत तोंड घालत नाही. कुंपणाचे कुंपण आणि वर घरच्या फोडणीचे तेल.

परभणी जिल्ह्यातल्या भारी काळ्या जमिनीत हे पीक मनापासून वाढते. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यांतली ही माती पावसाळ्याचे पाणी खोलवर धरून ठेवते आणि करडईचे सोटमूळ तिथपर्यंत जाऊन ते शोधते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी झाली, की पुढे पावसाचा थेंब न पडताही सव्वाचार-साडेचार महिन्यांत पीक हाती येते. सगळ्यात मोठा शत्रू मावा. पेरणी लांबली की तो हमखास येतो.

या पिकाचा अभ्यास परभणीच्या कृषी विद्यापीठात होतो. विद्यापीठ 1972 मध्ये स्थापन झाले. 2013 पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे करडई केंद्र इथे आहे. शारदा, परभणी कुसुम, पूर्णा ही वाणांची नावे इथलीच. परभणी कुसुमच्या बियांत तेल साधारण 29-30 टक्के. सूर्यफुलाच्या मानाने हा आकडा कमीच, कारण करडईच्या बीचे जवळजवळ निम्मे वजन टरफलातच जाते. ते टरफल पातळ करून तेल वाढवणे, हा पैदासकारांचा जुना ध्यास. काटे घालवणे हा दुसरा. त्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही मोठे काम केले. बिनकाट्याचे वाण आणि संकरित करडई तिथून आली.

आता तेलाच्या गुणाकडे. नेहमीच्या करडई तेलात सुमारे 75 टक्के लिनोलेइक आम्ल असते. खाद्यतेलांत एवढे प्रमाण क्वचितच सापडते. हे स्निग्धाम्ल आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. म्हणून ते ‘आवश्यक’. ही गोष्ट कळली ती उंदरांमुळे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 मध्ये दाखवले, की स्निग्धांश पूर्ण काढलेल्या आहारावर उंदरांची वाढ खुंटते, कातडी खवल्यांची होते, शेपट्या झडू लागतात. लिनोलेइक आम्लाचे थोडे थेंब दिले की ते सावरतात, हे पुढे दिसले. तोवर चरबी म्हणजे नुसते जळण, असाच समज होता. त्वचेतून पाणी निसटू न देणारा थर बांधायला आणि पेशींच्या आवरणांना हे आम्ल लागते. करडई तेलाचा मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे 14 ग्रॅम, घेतला तर त्यात ते 10 ग्रॅमच्या आसपास मिळते. प्रौढाच्या दिवसभराच्या गरजेचा मोठा वाटा झाला. शिवाय ई जीवनसत्त्व भरपूर.

पण हे तेल ‘हृदयाला उत्तम’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी सिडनीची गोष्ट ऐकून ठेवावी. तिथे 1966 ते 1973 दरम्यान हृदयविकाराच्या 458 पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाच्या आहारातली संपृक्त चरबी काढून करडई तेल आणि त्याचेच मार्गरीन दिले. कोलेस्टेरॉल उतरले. मात्र जुनी माहिती पुन्हा तपासून 2013 मध्ये निष्कर्ष छापले गेले, तेव्हा करडईच्या गटातच मृत्यू जास्त निघाले. त्या मार्गरीनबद्दल आक्षेप आहेत, आणि लिनोलेइक आम्लाच्या बाजूने बोलणारे अभ्यासही बरेच आहेत. माझा कौल इतकाच: एका तेलावर सगळी भिस्त ठेवू नये. करडईत ओमेगा-6, म्हणजे लिनोलेइक आम्ल, भरभरून आहे, ओमेगा-3 जवळपास नाहीच. ते जवसात असते. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-3 आम्लाचा. मराठवाड्यात करडईच्या तेलाची फोडणी आणि भाकरीवर जवसाची चटणी हा जुना बेत आहे. कोणी आम्लांचा हिशेब मांडून तो ठरवला नव्हता, दोन्ही गोष्टी रब्बीच्या रानातून घरात येत. आता तेलाचा डबा दुकानातून येतो आणि चटणी ताटातून गेली आहे.

करडई गाळणाऱ्या घाण्यावर आता बैल नाही, मोटर आहे. लाकडी उखळात लाट तशीच फिरते. मधूनमधून पाण्याचा शिपका द्यायचा, बी चेचत राहायचे. तेल फारसे तापत नाही, म्हणून वास आणि रंग टिकतो. एक लिटरला साडेतीन-चार किलो करडई लागते आणि पेंडीत बरेच तेल राहून जाते, म्हणून दर चढा. टरफलासकटची पेंड कडवट. ती जनावरापेक्षा खताला बरी.

हे तेल हवेशी लवकर संयोग पावते. बाटलीच्या तोंडाशी चिकट साय धरते ती त्यामुळेच. याच गुणामुळे ते रंगांतही वापरतात. घाण्याचे तेल तळणीला लावू नये, कढईत ते लवकर धुरावते आणि बिघडते. वरणाची फोडणी, भाजी, चटणीवर कच्ची धार, एवढे त्याचे काम. पैदासकार आता ओलेइक आम्ल जास्त असलेली करडई तयार करतात. ती तापवायला सोसते, पण मग लिनोलेइक घटते. ज्या गुणासाठी हे तेल घ्यायचे, तोच.

रानात मात्र करडई मागे हटली आहे. खरिपात सोयाबीन, मागोमाग हरभरा, असा फेरा बसला आणि काट्यांत हात घालणारी मजुरी परवडेना. हार्वेस्टरने काढणी सोपी केली, तशी काही शेतकऱ्यांनी करडई पुन्हा पेरली. पण घाण्यावाल्याला अजूनही बी शोधत फिरावे लागते. तेव्हा ओळखीच्या घाण्यावर नंबर लावावा, महिन्या-दीड महिन्यापुरतेच तेल घ्यावे, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात अंधारात ठेवावे. आणि परत येताना पावशेर जवस घ्यायला विसरू नये.