हार्ड डिस्क गेली? आधी नक्कल, मग दुरुस्ती
तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. त्याच लेखाचे किंवा मोडी कागदांचे फोटो अभ्यासकाच्या जुन्या संगणकात एकाच हार्ड डिस्कवर असतील, तर त्यांचं आयुष्य त्या डिस्कइतकंच. संगणक सुरू होत नाही म्हणजे डिस्क गेलीच असं नाही. वीज पुरवणारा एसएमपीएस किंवा केबलही दगा देते. पण डिस्कच अडखळत असेल, तर दुरुस्तीआधी तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

कारण वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते बिघडलं की प्रत्येक फेरीत नवा ओरखडा संभवतो. ‘चेकडिस्क चालवून पाहू की!’ हा आवडता आक्षेप. पण दुरुस्तीच्या मोडमध्ये विंडोजमधलं हे चेकडिस्क त्याच आजारी डिस्कवर लिहितं. नक्कल घेणारा डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम मात्र आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, राहिलेल्याची नोंद ठेवतो आणि मग तिकडे वळतो. हेडने मध्येच मान टाकली, तरी बरंचसं हाती लागलेलं असतं. ‘तसाच सर्किट बोर्ड आणून बदलू’ हेही बहुधा फसतं, कारण त्या डिस्कपुरत्या जुळणीची माहिती अनेकदा मूळ बोर्डावरच्या चिपमध्ये असते. टकटक आवाज येत असेल, तर डीडीरेस्क्यूही नको. वीज बंद करून डिस्क क्लीनरूम असलेल्या प्रयोगशाळेत द्यावी. खर्च जबर आहे, हे खरं. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय मात्र विसरा: आत दव धरतं.