चुलीशेजारी सिलिंडर का नको?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आता अनेक घरांत गॅसची शेगडी आली आहे. धुराचा त्रास त्यामुळे कमी होतो, ही आनंदाची गोष्ट. पण सिलिंडर संपला की किंवा पावसाळ्यात उबेसाठी चूलही पेटतेच. दोन्ही एकाच खोलीत असणे धोक्याचे का, हे समजण्यासाठी या गॅसची थोडी ओळख करून घेऊ.

कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांपासून बनलेल्या पदार्थांना हायड्रोकार्बन म्हणतात. त्यांतला सर्वांत साधा मिथेन. त्यात कार्बनचा १ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. दलदलीत किंवा पाणी भरलेल्या भाताच्या खाचरात हवेशिवाय पालापाचोळा कुजला की मिथेन तयार होतो. इटलीच्या व्होल्टा यांनी १७७६ साली तो सरोवराकाठच्या दलदलीतून गोळा केला होता. आपल्या गोबर गॅसमध्येही निम्म्याहून अधिक मिथेनच असतो.

सिलिंडरमध्ये मात्र मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्यांच्या रेणूत कार्बनचे अनुक्रमे ३ आणि ४ अणू. हे गॅस खनिज तेल व नैसर्गिक वायूपासून मिळतात. चिंचणीच्या किनाऱ्यावरून दिसतो त्याच अरबी समुद्रात, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली मुंबई हायचा तेलसाठा सापडला. तिथला वायू उरणला येतो आणि त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जातो.

हायड्रोकार्बन पुरेशा हवेत जळला की कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता मिळते. ज्योत निळी दिसते. हवा कमी पडली तर ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. म्हणून दार-खिडकी उघडी हवी.

आता मुख्य गोष्ट. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर जातो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळती झाली की तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो. आपली चूल जमिनीवरच असते. हवेच्या १०० भागांत या गॅसचे २ भाग झाले, तरी ठिणगीने भडका उडू शकतो.

म्हणून एवढे कराच:

• चूल आणि सिलिंडर वेगवेगळ्या जागी ठेवा. जमल्यास चूल पडवीत किंवा अंगणात घ्या.
• सिलिंडर उभा ठेवा. शेगडी त्याच्यापेक्षा उंच, ओट्यावर असावी.
• उग्र वास आला तर काडी ओढू नका, विजेचे बटण दाबू नका. मुलांना व म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढा. जवळपास आग नसेल तर रेग्युलेटर बंद करा आणि दार उघडा.
• बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणूनच तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा.