मुंबईत नवा आलेला मनुष्य आणि त्याचे बिऱ्हाड

जो मनुष्य आपल्या गावी जन्मतो, वाढतो आणि तेथेच देह ठेवतो, त्यास आपण कोण हे कोणास सांगत बसावे लागत नाही. आजाने लावलेले झाड, बापाने काढलेले कर्ज आणि त्याच्या स्वतःच्या लहानपणच्या खोड्या साऱ्या गावास पाठ असतात. तोच मनुष्य वळकटी उचलून मुंबईस उतरला की एका रात्रीत निनावी होतो. मोठ्या शहराची ही पहिली शिक्षा आहे आणि पहिले बक्षीसही हेच आहे. शिक्षा अशी की, अडल्यास हाक मारावी असे कोणी जवळ नसते. आणि बक्षीस असे की, गावाने कपाळी मारलेला शिक्का वाचणाराही कोणी नसतो. निदान नसावा, अशी त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा कोठे खरी ठरते आणि कोठे खोटी, हे आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबईचा इतिहास हा अशा नवख्यांचाच इतिहास होय. १९२१ च्या खानेसुमारीत येथील दर पाच रहिवाशांपैकी चारांहून अधिक लोक शहराबाहेर जन्मलेले होते. 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला; तो लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर मूळचे गोमंतकातले. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून पायी चालत मुंबईस आले आणि गिरणगावाचे शाहीर झाले. जो गृहस्थ आज स्वतःस अस्सल मुंबईकर म्हणवितो, त्याने दोन-तीन पिढ्या मागे वळून पाहिले तर भाऊच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरलेला, नाहीतर बोरीबंदरावर गोंधळून उभा राहिलेला एखादा पूर्वज त्यास बहुधा भेटेल. तेव्हा नवख्याचा प्रश्न हा परक्याचा प्रश्न आहे असे समजण्याचे कारण नाही.

नवख्याची पहिली परीक्षा आगगाडी घेते. त्यास वाटते की गाडी म्हणजे गाडी. पहिल्या दोन दिवसांतच त्यास कळते की तिचे धीमी आणि जलद असे दोन प्रकार आहेत आणि फलकावरील एक अक्षर न वाचल्यास आपले स्थानक डोळ्यांदेखत मागे पळते. बोरिवलीस उतरावयाचे असून संध्याकाळच्या विरार गाडीत चढणे हा शुद्ध अविचार होय, हे त्यास कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. तो विरारपर्यंत जाऊन शिकतो. फलाट कोणत्या बाजूस येणार हे आधी विचारून ठेवावे, दोन स्थानके राहिली असतानाच दाराकडे सरकू लागावे, पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावी, पुढच्या मनुष्यास "उतरणार का?" असे विचारून त्याच्या मागे उभे राहावे, हे सारे नियम त्यास महिन्याभरात अंगवळणी पडतात. दुसऱ्या वर्गाचे तिकीट खिशात ठेवून पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरल्याचा दंड भरल्यावाचून क्वचितच कोणाचा पहिला महिना पार पडतो.

मागच्या पिढ्यांना तर याहून मोठे कोडे सोडवावे लागे. १९०६ साली हिंदी प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली निराळी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाही. दोन्ही वेळांत ३९ मिनिटांचे अंतर होते. आगगाडी एका घड्याळावर चाले आणि नगरपालिका दुसऱ्या. नवा आलेला मनुष्य मात्र दोन्हींकडे उशिरा पोहोचे!

परंतु या धांदलीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाडी सुटता सुटता धावत आलेल्या नवख्यास डब्यातला कोणीतरी अनोळखी मनुष्य हात देऊन आत घेतो. तो हात कोणत्या जातीचा, हे नवखा विचारीत नाही. आणि ज्याला ओढून घेतले तो कोण, कोठला, काय खातो, हे हात देणाराही विचारीत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, त्या वेळी एकाच बाकावर शिवाशीव व्हावयाची या विचाराने पुष्कळांचे धाबे दणाणले होते. आज त्या भीतीचे हसू येते. लोखंडी रुळांनी आणि गर्दीने जे काम केले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते.

जेवणाच्या बाबतीतही पुष्कळशी वाट चालून झाली आहे. खाणावळीची पंगत एके काळी जातवार बसे. इराण्याच्या हॉटेलात मात्र चहाचे पैसे टेबलावर ठेवले की प्रश्न संपत असे. गिरणगावात कामगारांच्या घरच्या बायांनी महिन्याच्या हिशेबावर खाणावळी चालवून एकट्या राहणाऱ्या असंख्य पुरुषांच्या पोटाची सोय केली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या कष्टाळू बायांस सावकाराच्या पाशातून सोडविण्याचा उद्योग आरंभिला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची दारे धर्म, जात किंवा जन्मस्थान यांच्या सबबीवर कोणासही बंद करता येऊ नयेत अशी तजवीज केली. गाडी मोकळी झाली, पंगत मोकळी झाली. राहिले ते बिऱ्हाड. आमचे सारे म्हणणे या तिसऱ्या गोष्टीविषयी आहे.

पूर्वी नवख्याचे बिऱ्हाड त्याच्या गावाने सांभाळले. गिरणगावातील चाळींत एकेका गावाच्या सामाईक खोल्या असत. भिंतीशी ट्रंकांची रांग, वर दोरीवर कपडे. रात्रपाळीचा मनुष्य परतला की दिवसपाळीवर निघालेल्याच्या जागेवर त्याने पथारी टाकावी. गोमंतकातील ख्रिस्ती खलाशांनी आणि नोकरदारांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या 'कुडी' चालविल्या; जहाजावरून उतरलेल्या मनुष्यास अल्प वर्गणीत तेथे अंग टाकावयास जागा आणि पेटी ठेवावयास कोपरा मिळे. कोणाच्या मदतीची वाट न पाहता गरिबांनी आपल्या बळावर उभारलेल्या या संस्था होत. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतही हीच रीत नांदली. त्या माणसांविषयी आमच्या मनात आदरच आहे.

तथापि या व्यवस्थेस एक उणीव होती, आणि ती लहान नव्हती. तिचा पाया ओळख हा होता. आणि ओळख म्हणजे गाव, आडनाव व जात. ज्याला ओळख आहे त्याला ती ओसरी होती. ज्याला नाही त्याला तीच भिंत होती. ही भिंत किती उंच असू शकते हे जाणण्यासाठी मुंबईहून क्षणभर बडोद्यास गेले पाहिजे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत व इंग्लंडात शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास त्या शहरी उतरले. त्या शहरात तेही नवखेच होते. अस्पृश्य म्हणून कोणतेही हिंदू हॉटेल त्यांस घेईना. निरुपायाने एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी येऊन उभे राहिले आणि जागा सोडावी लागली. शहरात दोन स्नेही होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांकडूनही आसरा मिळाला नाही. एवढा विद्वान मनुष्य एका खोलीअभावी नोकरी सोडून मुंबईस परतला. ही हकीकत त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली आहे. बडोद्याचे यात काय नुकसान झाले याचा हिशेब कोणत्याही खजिनदाराने मांडला नसेल, पण तो मांडण्यासारखा आहे.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आज लाठी कोठे आहे? लाठी नाही हे खरे. तिच्या जागी दलालाचा गोड आवाज आला आहे. नवखा तरुण वा तरुणी खोली पाहावयास जाते तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. "आडनाव काय? मूळचे कोठले? शाकाहारी ना? लग्न झाले आहे का?" उत्तर मनासारखे न आले तर खोली "कालच गेली" असे कळते, आणि तीच खोली पुढच्या आठवड्यात दुसऱ्यास दाखविली जाते. मुसलमानास, दलितास, मासे खाणाऱ्यास आणि एकट्या स्त्रीस ही वाक्ये तोंडपाठ झाली आहेत. एकट्या स्त्रीची तर दुहेरी अडचण. नोकरी करून स्वतःच्या पैशाने भाडे भरणाऱ्या प्रौढ बाईस, घरी किती वाजता येशील आणि भेटावयास कोण येईल, असे विचारताना आपण तिचे पालक नव्हे, हे घरमालक विसरतो.

आता कायद्याकडे पाहू. भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने कोणासही कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. परंतु पंधराव्या कलमाने जी स्थळे नावे घेऊन सर्वांस मोकळी केली, त्यांत भाड्याचे खाजगी घर नाही. उलट, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्याच समाजापुरते राखण्याचा तिचा उपनियम वैध ठरविला. न्यायालयाच्या निर्णयाचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की, जे कायद्याने करता येते ते सर्व शहाणपणाचे असतेच असे नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे लोकमताचा पोहोचला पाहिजे.

घरमालकांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की, घर आमचे, ते कोणास द्यावे हे आम्ही ठरवू. मालकी तुमची, हे आम्हांस मान्य आहे. पण ज्याने भाड्याची पाटी लावली त्याने व्यापार मांडला. आणि गिऱ्हाइकाचे आडनाव पाहून माल लपविणाऱ्या दुकानदारास पेठेत कोणी प्रामाणिक म्हणत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. त्यासाठी ओळखपत्र आहे, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याची सोय आहे, नोकरीचा दाखला आहे. आडनावावरून मनुष्य भाडे बुडवील की नाही हे कळते असा अनुभव कोणास असेल तर तो त्याने प्रसिद्ध करावा. तिसरा आक्षेप वासाचा. स्वच्छता राखावी, कचरा झाकावा, शेजाऱ्यास उपद्रव देऊ नये, अशा अटी करारात खुशाल घालाव्या. परंतु दुसऱ्याच्या तव्यावर काय आहे हे पाहण्याचा अधिकार भाड्याच्या रकमेत बसत नाही.

नवख्याच्या अज्ञानाचा आणखी एक गैरफायदा घेतला जातो, तो कागदाच्या बाबतीत. "अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी लागत नाही," असे त्यास सर्रास सांगण्यात येते. हे महाराष्ट्रात खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमान्वये भाडेकरार वा 'लीव्ह अँड लायसन्स' करार लेखी असून त्याची नोंदणी झालीच पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा अधिक. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असा नोंदलेला करार नसेल तर अटींविषयी वाद पडल्यास राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तरुणांनी हे कलम ध्यानात ठेवावे. अनामत रकमेची पोच लेखी घ्यावी, आणि कागद हाती आल्यावाचून पैसे मोजू नयेत.

आमचे व्यापारी वाचक या कामी सर्वांत अधिक करू शकतील. दुकानास, पेढीस, कारखान्यास हात हवे असतात तेव्हा आपण ते रत्नागिरीहून, लातूरहून, गोरखपूरहून बोलावून घेतो. हात हवे आणि ते ज्या देहास जोडले आहेत त्यास रात्री टेकावयास जागा मिळते की नाही याची चौकशी नको, हा न्याय नव्हे. नव्या नोकराच्या पहिल्या महिन्याच्या निवाऱ्याची हमी मालकाने घ्यावी. त्यात धर्म आहे आणि हिशेबही आहे, कारण घर न मिळाल्याने पळालेला चांगला कारागीर परत येत नाही. गावोगावच्या मंडळांनीही आपल्या खोल्यांचे दार जातीच्या उंबरठ्यापलीकडे, निदान तालुक्यापर्यंत तरी, उघडावे.

आणि जे वाचक गृहनिर्माण संस्थांचे सभासद आहेत त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे. संस्थांची वार्षिक सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपूर्वी भरावयाची असते. तेथे पाण्याच्या टाकीविषयी आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागेविषयी तासन् तास चर्चा होते. त्यात पाच मिनिटे काढून असा ठराव मांडावा की, भाडेकरूच्या बाबतीत ही संस्था नोंदलेला करार आणि पोलिसांकडे दिलेली माहिती एवढेच पाहील. जात, धर्म, आहार, प्रांत व विवाह यांविषयी समिती प्रश्न विचारणार नाही. ठराव पडला तरी तो कोणी पाडला हे इतिवृत्तात लिहिले जाईल. एका राष्ट्राचे नागरिक म्हणवून घेणाऱ्यांस एका जिन्यावर राहता येत नसेल, तर त्या राष्ट्राची उभारणी अजून तळमजल्यावरच अडली आहे असे म्हणावे लागेल.