रोड बाइकचा टायर: टिकाऊपणा आणि पंक्चर-प्रतिकार

या पाठात काय शिकणार आहोत

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हांला पुढील गोष्टी करता यायला हव्यात:

- सायकलच्या टायरचे थर आणि प्रत्येक थराचे काम सांगणे
- छेद, चिरणे आणि चिमटणे या पंक्चरच्या तीन प्रकारांतला फरक ओळखणे
- संरक्षक थरामुळे वाढणाऱ्या रोलिंग रेझिस्टन्सचा हिशेब करणे
- आपल्या रस्त्याला आणि खिशाला साजेसा टायर निवडणे

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून कोल्हापूरकडे सायकलने निघालो होतो. महामार्गावर मागचे चाक बसले. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. पाचेक किलोमीटरवर पुन्हा तेच. दुसरी ट्यूब घातली, तीही गेली. तिसऱ्या वेळी रस्त्याच्या कडेला बसून टायरच्या आतून बोट फिरवले, तेव्हा केसाइतकी बारीक पोलादी तार बोटाला टोचली. ती टायरमध्येच होती आणि मी मात्र दर वेळी ट्यूबलाच दोष देत होतो. यंत्र अभियांत्रिकी शिकवणाऱ्या माणसाला ही चूक शोभणारी नव्हती. त्या तारेने जे शिकवले, ते या पाठात नीट मांडतो आहे.

तुमच्यापैकी अनेकजण वसतिगृहातून महाविद्यालयात सायकलने जात असतील, काहीजण लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्येही उतरत असतील. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. त्यांतला एक तास पंक्चर काढण्यात गेला, तर पुढचे गणित बिघडते. म्हणून हा विषय परीक्षेपुरता नाही.

१. टायरची रचना

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. तो एक संमिश्र पदार्थ आहे. आतून बाहेर असे त्याचे भाग पाहू.

*बीड:* टायरच्या दोन्ही कडांतली गोलाकार तार किंवा दोरा. ही कड रिममध्ये अडकते. पोलादी तारेचा बीड स्वस्त आणि जड असतो. अरॅमिड धाग्याचा बीड हलका असतो आणि टायरची घडी घालता येते.

*केसिंग:* नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या समांतर धाग्यांचे, रबरात बुडवलेले थर. धागे साधारण ४५ अंशांनी तिरपे असतात आणि एका थराचे धागे दुसऱ्या थराच्या धाग्यांना छेद देतात. हवेचा दाब पेलण्याचे काम केसिंगचे असते. एका इंचात किती धागे आहेत, हे टीपीआय या आकड्याने सांगतात. धागे बारीक असले की आकडा मोठा, टायर लवचीक आणि वेगवान, पण कडेने चिरायला सोपा. एक सावधगिरी: काही उत्पादक सर्व थरांचे धागे मिळून आकडा छापतात. ६० धाग्यांचे तीन थर असले, तर १८० असे लिहिलेले दिसते. दोन टायरांची तुलना करताना हे तपासा.

*संरक्षक पट्टा:* ट्रेडच्या खाली बसवलेला थर. पंक्चर-प्रतिकार मुख्यतः इथे ठरतो.

*ट्रेड:* रस्त्याला टेकणारे रबर. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणाने रबराच्या लांब साखळ्या गंधकाच्या पुलांनी जोडल्या जातात. त्यामुळे रबर ताणून पुन्हा मूळ आकारात येते. त्यात कार्बन ब्लॅक मिसळला की झीज कमी होते. सिलिका मिसळली की ऊर्जेचा अपव्यय कमी ठेवता येतो आणि ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते.

टायरवर २५-६२२ असे लिहिलेले असते. २५ ही मिलिमीटरमधली रुंदी, तर ६२२ हा रिमवर कड बसते तिथला व्यास. टायर विकत घेताना ७०० सी या जुन्या नावापेक्षा हा आकडा भरवशाचा.

२. भार, दाब आणि केसिंगचा ताण

समजा, स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन आहे आणि त्यातले ५५ टक्के मागच्या चाकावर येते. म्हणजे ४४ किलो, सुमारे ४३२ न्यूटन. टायरमध्ये ९० पीएसआय, म्हणजे ०.६२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब आहे.

स्पर्शक्षेत्र ≈ भार ÷ दाब = ४३२ ÷ ०.६२ ≈ ७०० चौरस मिलिमीटर

म्हणजे फक्त सात चौरस सेंटिमीटर. अंगठ्याच्या ठशाहून थोड्या मोठ्या जागेवर तुमचे निम्म्याहून अधिक वजन तोललेले असते.

आता केसिंगचा ताण. पातळ भिंतीच्या नळीचे सूत्र तुम्ही शिकला आहात: एकक लांबीवरचा ताण = दाब × त्रिज्या.

- २५ मिमी टायर, ९० पीएसआय: ०.६२ × १२.५ ≈ ७.८ न्यूटन प्रति मिमी
- ३२ मिमी टायर, ६० पीएसआय: ०.४१ × १६ ≈ ६.६ न्यूटन प्रति मिमी

रुंद टायर कमी दाबावर चालवता येतो आणि त्याचे केसिंग कमी ताणलेले राहते. कमी ताणलेला टायर खड्याभोवती वाकतो. जास्त ताणलेला टायर वाकत नाही, मग टोकदार खडा आत घुसतो. ताणलेल्या फुग्याला सुई लावा आणि अर्धवट फुगवलेल्याला लावा, फरक लगेच कळेल. पॅरिस–रुबेसारख्या दगडी रस्त्यांच्या शर्यतीत स्पर्धक नेहमीपेक्षा रुंद टायर आणि कमी दाब वापरतात, त्यामागे आराम आणि पकडीबरोबर हेही कारण आहे.

३. पंक्चरचे तीन प्रकार

*(अ) छेद.* काटा, खिळा किंवा तार आरपार जाते. ट्रकचा टायर फुटला की त्यातल्या पोलादी पट्ट्याच्या बारीक तारा रस्त्याच्या कडेला पसरतात, आणि सायकलस्वार नेमका कडेनेच जातो. अशा तारेचा व्यास ०.२५ मिमी धरला, तर टोकाचे क्षेत्रफळ सुमारे ०.०५ चौरस मिमी. त्यावर फक्त ५ न्यूटन बल आले तरी प्रतिबल १०० मेगापास्कल होते. चांगले ट्रेड रबर सुमारे २० मेगापास्कलला तुटते. छेदाची क्रिया साध्या ताणाहून गुंतागुंतीची आहे, तरी आकड्यांवरून अंदाज यावा. बाभळीचा काटा आणि गोखरूचे फळ हेच काम करतात. गोखरू कसेही पडले तरी त्याचा एखादा काटा वर राहतो.

*(ब) चिरणे.* काचेचा तुकडा ट्रेड कापतो. बहुतेक वेळा तो पहिल्याच फेरीत आरपार जात नाही. रबरात रुततो आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला थोडा आत सरकतो. २५-६२२ चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ ४७५ फेऱ्या. प्रत्येक फेरी म्हणजे हातोडीचा एक हलका ठोका समजा. पावसाळ्यात हा त्रास वाढतो, कारण पाणी वंगणासारखे काम करते आणि ओले रबर सहज कापले जाते.

*(क) चिमटणे.* हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटते, आणि रिम व दगड यांच्यामध्ये ट्यूब चेपली जाते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. या प्रकारावर संरक्षक पट्टा जवळजवळ निरुपयोगी आहे. उपाय एकच: पुरेशी हवा किंवा अधिक रुंद टायर.

४. संरक्षणाचे दोन मार्ग

पहिला मार्ग *बळकट धाग्यांचा.* १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केव्लार हा अरॅमिड धागा पुढे आला. याची ताणशक्ती नायलॉनच्या कितीतरी पट. काँटिनेंटलच्या ग्रांप्री ५००० टायरमध्ये व्हेक्ट्रान या द्रव-स्फटिक पॉलिस्टर धाग्याचा पट्टा असतो. असा पट्टा पातळ आणि हलका असूनही काचेला चांगला अडवतो, कारण काचेला धागे कापावे लागतात. पण बारीक तार किंवा काटा धागा कापत नाही. दोन धाग्यांना बाजूला सारून मधून जातो. ‘केव्लार आहे, मग पंक्चर होणार नाही’ ही समजूत इथे फसते.

दुसरा मार्ग *अंतराचा.* श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ट्रेडखाली ५ मिमी जाडीचा लवचीक रबराचा थर असतो. काटा घुसतो, पण त्याचे टोक ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. काट्यांच्या मुलखात हा मार्ग सरस. किंमत मात्र वजनात आणि वेगात मोजावी लागते.

थोडक्यात, ‘पंक्चर-प्रतिकार’ हा एक गुणधर्म नाही. कापण्याला प्रतिकार वेगळा, टोचण्याला वेगळा. टायर निवडण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या रस्त्यावर काच जास्त आहे की काटे?

तिसरा पर्याय ट्यूबलेस. आतल्या सीलंटमधले लॅटेक्स बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर भोकाशी येऊन गोठते आणि लहान भोक बुजते. सीलंट काही महिन्यांत सुकते, उष्ण हवेत लवकर. म्हणून ते वेळोवेळी भरावे लागते.

५. सुरक्षिततेची किंमत

टायर टेकताना दबतो, सुटताना पूर्ववत होतो. या प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, हेच हिस्टेरेसिस. थर जितके जाड, तितका हा अपव्यय जास्त. हलक्या शर्यतीच्या टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.००४ आणि जाड संरक्षण असलेल्या टायरसाठी ०.००७ मानू. वजन ८० किलो, वेग ताशी २५ किमी, म्हणजे ६.९४ मीटर प्रति सेकंद.

- हलका: ०.००४ × ८० × ९.८१ × ६.९४ ≈ २२ वॅट
- जाड: ०.००७ × ८० × ९.८१ × ६.९४ ≈ ३८ वॅट

फरक १६ वॅटचा. सरावातला स्वार तासन्‌तास १०० ते १५० वॅट देऊ शकतो, म्हणजे त्यातला दहावा ते सहावा हिस्सा टायरच खातो. रोज सहा किलोमीटर जाणाऱ्याला हे जाणवणारही नाही. ३०० किलोमीटर जाणाऱ्याला जाणवेल. उत्तर टायरमध्ये नाही, वापरात आहे.

६. झीज आणि म्हातारपण

मागच्या चाकावर भार जास्त आणि पेडलचे बलही त्यावरच. म्हणून मागचा टायर आधी झिजतो आणि मध्ये सपाट होतो. ट्रेड पातळ झाला की काट्याला कमी अंतर कापावे लागते; वारंवार पंक्चर होऊ लागणे हे झिजेचे लक्षण आहे. काही टायरांवर झीज दाखवणारे बारीक खळगे असतात. ते दिसेनासे झाले की टायर बदला. केसिंगचे धागे दिसू लागले, तर त्याच दिवशी बदला.

नवा एकच टायर घेण्याइतके पैसे असतील, तर पुढचा टायर मागे घाला आणि नवा पुढे. मागचा टायर फुटला तर सायकल बहुधा सावरता येते. पुढचा फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

न वापरलेला टायरही म्हातारा होतो. नैसर्गिक रबरातल्या दुहेरी बंधांवर ओझोन हल्ला करतो आणि ताणलेल्या कडांवर बारीक भेगा पडतात. ऊन याला हातभार लावते. शिवाय उन्हात दाबही वाढतो. २५ अंश सेल्सिअसला ९० पीएसआय भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर निरपेक्ष दाब ३३३ ÷ २९८ या पटीत वाढतो आणि मापकावर सुमारे १०२ पीएसआय दिसतो. टायर कमाल मर्यादेपर्यंत भरून सायकल मे महिन्याच्या उन्हात उभी करू नका.

७. पंक्चर झाल्यावर निदान

१. ट्यूब काढण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या जागी टायरवर खूण करा.
२. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा. एक भोक बाहेरच्या बाजूला असेल तर छेद. जोडीने दोन चिरा असतील तर चिमटा. भोक आतल्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकून स्पोकचे टोक उघडे पडले आहे.
३. खुणेच्या आधारे टायरवर तीच जागा शोधा. आतून कापडाचा बोळा फिरवा. तार असेल तर धागा अडकेल. नुसते बोट फिरवलेत, तर माझ्यासारखे रक्त काढाल.
४. कारण सापडेपर्यंत नवी ट्यूब घालू नका.
५. टायर मोठा चिरला असेल, तर जुन्या टायरच्या कडेचा तुकडा आतून लावून घरापर्यंत जाता येते.

आणि दर फेरीनंतर दोन मिनिटे काढून ट्रेडमध्ये रुतलेले काचेचे कण उकरून काढा. यासारखा स्वस्त संरक्षक थर कोणी विकत नाही.

स्वाध्याय

१. एकूण वजन १०० किलो आणि मागच्या चाकावर ६० टक्के भार असेल, तर ७० पीएसआय दाबाला मागचे स्पर्शक्षेत्र काढा.
२. अरॅमिड पट्टा काच अडवतो पण बारीक तार अडवू शकत नाही. का?
३. उदाहरण ५ मधला वेग ताशी १५ किमी करा. दोन टायरांतला फरक किती वॅट उरतो? त्यावरून रोजच्या वापरासाठी कोणता टायर सुचवाल?
४. तुमच्या परिसरातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात जा. दिवसभरात आलेल्या पंक्चरची छेद, चिरणे आणि चिमटणे अशी नोंद करा आणि तुमच्या रस्त्याला कोणते संरक्षण हवे, ते आकड्यांनिशी मांडा.