मीटरवरचा लाल दिवा

शाळेच्या जिन्याखाली किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक वीजमीटर असतो. त्यावर बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेकडो मुलं रोज त्याच्यासमोरून वर्गात जातात आणि दहावी होऊन बाहेर पडतात, तरी तो दिवा काय सांगतो हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

सिंगल फेजच्या अनेक मीटरांवर ३२०० हा आकडा छापलेला असतो. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली, असा त्याचा अर्थ. मोठ्या शाळांच्या थ्री फेज मीटरवर आकडा वेगळा असतो, पण हिशेब तोच. सहावीतल्या मुलांना मीटरसमोर उभं करावं, एकाच्या हातात घड्याळ द्यावं आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लागतो ते मोजायला सांगावं. मग एका वर्गातले चार पंखे बंद करून पुन्हा मोजावं. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, म्हणजे चार पंख्यांचे ३०० वॅट. मिनिटाला १६ लुकलुकी कमी भरतात. एका मिनिटात १६, तर तासाला ९६०. त्याला ३२०० ने भागलं की ०.३ युनिट. त्रैराशिक कशासाठी शिकायचं, हा प्रश्न त्या दिवशी मुलं विचारत नाहीत.

ऊर्जाबचतीचं शिक्षण म्हणून आपल्याकडे बहुधा चित्र काढायला सांगतात. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि २००५ पासून शाळकरी मुलांची राष्ट्रीय चित्रकला स्पर्धा सुरू झाली. मुलं मन लावून चित्रं काढतात, त्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण बल्बच्या पोटात हिरवी पृथ्वी रंगवणाऱ्या मुलाला आपल्या शाळेचं गेल्या महिन्याचं बिल किती युनिटचं होतं हे ठाऊक नसेल, तर शिक्षण अर्ध्यावरच राहिलं, असं मी म्हणेन.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं १९९४ मध्ये नेमकी हीच अडचण ओळखली. तिथे सरकारी शाळांचं वीज आणि इंधनाचं बिल शहर भरायचं. वर्गातला दिवा लावणारा एक, पैसे देणारा दुसरा. त्यामुळे काटकसरीत शाळेला काही गोडी नव्हती. शहरानं साधा करार मांडला. आधीच्या काही वर्षांच्या सरासरी वापराशी तुलना करायची आणि जी बचत होईल तिचे निम्मे पैसे शाळेला द्यायचे, निम्मे शहराकडे ठेवायचे. योजनेचं नावच ‘फिफ्टी-फिफ्टी’. शहराचं यात नुकसान होत नाही, कारण बचत झालीच नसती तर सगळंच बिल त्याला भरावं लागलं असतं.

पैशांइतकीच महत्त्वाची होती ती पथकं. मुलं, एक-दोन शिक्षक आणि इमारतीची देखभाल करणारा माणूस मिळून शाळेचं ऊर्जापथक तयार होतं. बॉयलर किती वाजता सुरू होतो, शनिवारी-रविवारी तो कशासाठी चालतो, हे त्या देखभाल करणाऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आपल्या शाळांत ही जागा शिपाईकाकांची आहे, आणि त्यांना सोडून केलेली कुठलीही योजना फार दिवस चालणार नाही. पथक थर्मामीटर घेऊन वर्गावर्गात फिरतं आणि नोंदी ठेवतं. थंडीत तिकडे खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची सवय असते. त्यानं वर्गाची हवा नीट बदलत नाही आणि ऊब मात्र सतत बाहेर जाते. मुलं शिकतात की खिडक्या सताड उघडायच्या, पाचेक मिनिटांत हवा बदलून घ्यायची आणि पुन्हा बंद करायच्या. वर्गाचं तापमान एका अंशानं कमी ठेवलं तर तापवण्याच्या इंधनात साधारण सहा टक्के बचत होते, असा तिथला ठोकताळा आहे. हिवाळा कडक असला की वापर वाढणारच, म्हणून हिशेबात हवामानाची वजावटही करतात. हे न्याय्य आहे. नाहीतर थंडीचा दंड मुलांना बसला असता.

ही कल्पना पुढे जर्मनीबाहेर गेली. बार्सिलोनाच्या प्रांतिक प्रशासनाच्या पुढाकारानं २००९ ते २०१२ मध्ये अनेक युरोपीय देशांतल्या शाळांत ती राबवली गेली, आणि २०१३ नंतरच्या टप्प्यात १३ देशांतल्या सुमारे ५०० शाळा तीत आल्या. वाचलेल्या पैशांचं काय करायचं, या चर्चेत मुलांनाही बसवलं गेलं. माझ्या मते योजनेचा जीव तिथे आहे. बक्षीस वरून मिळतं, वाटा कमवावा लागतो, आणि मुलांना हा फरक चांगला कळतो.

शाळेतलं शिकलेलं घरी पोचतं का? उत्तर कॅलिफोर्नियातल्या गर्ल स्काउटच्या ३० पथकांवर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरगुती ऊर्जेचं प्रशिक्षण मिळालेल्या चौथी-पाचवीच्या मुलींच्या बचतीच्या सवयी लगेच ४९ टक्क्यांनी वाढल्या. सात-आठ महिन्यांनंतरही ही वाढ २७ टक्के टिकून होती. हे आकडे मुलींनी स्वतः सांगितलेल्या सवयींचे आहेत, मीटरचे नव्हेत, ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायनातला २०१९ चा अभ्यास दाखवतो की शाळेत हवामानबदल शिकलेल्या मुलांमुळे पालकांची त्याबद्दलची काळजी वाढली, आणि आईबापांचं मन वळवण्यात मुली विशेष यशस्वी ठरल्या. घरात लेकीचा शब्द कसा चालतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता आपल्या शाळेचा हिशेब मांडू. समजा बारा वर्ग आहेत, प्रत्येकात चार पंखे आणि वीस वॅटच्या चार एलईडी ट्यूब. एका वर्गाचा भार ३८० वॅट, बारा वर्गांचा ४,५६० वॅट. परिपाठ, मधली सुट्टी आणि खेळाचा तास मिळून रिकाम्या वर्गात हे सगळं रोज तासभर चालू राहिलं, तर २२० दिवसांत सुमारे हजार युनिट जातात. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला सातशे किलो होतो. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या आसपास जी मुलं वाढतात, त्यांच्या श्वासाचा या हिशेबाशी थेट संबंध आहे. शिवाय तारांमधून येताना वीज गळते, म्हणून बटणापाशी वाचलेल्या एका युनिटमुळे केंद्रात एकापेक्षा जास्त युनिटांचं उत्पादन टळतं.

बटण बंद करण्यापलीकडेही पाहण्यासारखं खूप आहे. जुन्या खटक्याच्या रेग्युलेटरनं पंखा मंद केला तरी उरलेली वीज बरीचशी त्या डबड्यातच उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनं ती खरोखर वाचते. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब पन्नास वॅटच्या वर घेते, एलईडी वीसमध्ये भागवते. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा तीसेक वॅटवर चालतो. टाकी भरून वाहत असताना चालू राहिलेला पंप पाणी आणि वीज दोन्ही घालवतो. पत्र्यावर किंवा स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला की खालचा वर्ग कमी तापतो. घरी मुलांनी फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढून पाहावा. सहज निघाला तर रबर सैल झालं आहे. आईला विचारून डाळ तासभर भिजवून कुकर लावावा आणि गॅस किती वेळ जळला ते लिहून ठेवावं. एक पथ्य मात्र कडक पाळायचं: मुलांनी फक्त पाहायचं आणि लिहायचं, तारेला हात वायरमननंच लावायचा.

एका गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं. बिल थकलं म्हणून वीज तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. तिथल्या मुलांना काटकसरीचं व्याख्यान देणं क्रूरपणाचं ठरेल. त्यांना आधी वीज हवी. घामाघूम मुलांवरचा पंखा बंद करणं ही बचत नव्हेच. मुंबईच्या आयआयटीनं गावोगावच्या विद्यार्थ्यांपर्यंत सौर दिवे पोचवले तेव्हा ते स्थानिक लोकांकडूनच जोडून घेतले होते. वीज कमी असलेल्या घरातलं मूलही ऊर्जा समजून घेऊ शकतं, आपला दिवा आपण दुरुस्त करू शकतं, यावरचा तो विश्वास मला मोलाचा वाटतो.

हॅम्बुर्गसारखा करार आपल्याकडे करायला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं बहुतेक शाळांत व्यवस्थापन समिती आणली आहे आणि तिच्यात बहुसंख्य पालकच असतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या बैठकीत मागच्या बारा महिन्यांची बिलं मागवा आणि युनिटचे आकडे फळ्यावर लिहा. बचतीचा निम्मा वाटा मुलांच्या वाचनालयाला किंवा खेळाच्या साहित्याला देण्याचा ठराव मांडा. शाळेचं बिल पंचायत किंवा संस्था भरत असेल तर तोच ठराव तिच्याकडे न्या. आणि १४ डिसेंबरला सकाळी परिपाठ झाल्यावर मुलांना रांगेनं जिन्याखालच्या त्या मीटरपाशी घेऊन या.