कागदावरील एक शब्द व रोजची एक गोळी

स्तनाच्या कर्करोगाविषयीं मोकळेपणानें बोलण्याची चाल आपल्या घरांतून अजूनहि फारशी पडलेली नाहीं. सासू सुनेस सांगत नाहीं, सून नवऱ्याच्या कानांवर गोष्ट घालण्यास संकोचते, आणि या संकोचांत जे महिने जातात ते मागाहून कोणत्याहि औषधानें भरून येत नाहींत. परंतु आज आम्हांस लिहावयाचें आहे तें निदान झाल्यानंतर घरांत येणाऱ्या एका कागदाविषयीं.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत असा कागद आला. थोरल्या काकूंची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. गांठीच्या तपासणीचा अहवाल दिवाणखान्यांत वाचला जात असतां ‘इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह’ हे शब्द आले मात्र, धाकट्या जाऊबाईंनीं पदर डोळ्यांस लावला. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग अंगभर पसरला, अशी सर्वांची समजूत! खरें पाहतां त्या कागदावर धीर देणारें असें कांहीं असेल, तर तें नेमकें तेंच वाक्य होतें. हें कसें, तें समजण्यास बरेंच मागें, दुभत्या जनावरांपर्यंत जावें लागतें.

जॉर्ज बीटसन हा स्कॉटलंडांतील ग्लासगो शहराचा शस्त्रवैद्य. तरुणपणीं एका शेतवाडीच्या सान्निध्यांत राहण्याचा योग आला असतां त्यानें दुग्धस्रावाचा अभ्यास आरंभिला. गाय व्याल्यावर तिचीं अंडाशयें काढून टाकलीं तर ती दीर्घकाळ दूध देत राहते, हें कांहीं देशांतील शेतकऱ्यांस ठाऊक असल्याचें त्याला कळलें. अंडाशय कोठें आणि कांस कोठें! दोहोंस जोडणारी नस दिसत नसतां एकाची आज्ञा दुसऱ्यानें कशी पाळावी? हा प्रश्न बीटसनच्या मनांतून गेला नाहीं. जो अवयव अंडाशयाच्या तंत्रानें चालतो, त्यांतील रोगहि त्याच तंत्रानें चालत असेल काय? १८९५ च्या जून महिन्यांत त्यानें एका तेहतीस वर्षांच्या स्त्रीचीं अंडाशयें काढलीं. तिचा रोग एका शस्त्रक्रियेनंतर पुन्हां उद्भवला होता, आणि दुसरा इलाज उरला नव्हता. कांहीं महिन्यांत रोगाच्या खुणा मावळल्या, व ती पुढें सुमारें चार वर्षें जगली. ‘हॉर्मोन’ हा शब्दसुद्धां तेव्हां जन्मास आला नव्हता. तो १९०५ मध्यें रूढ झाला. कारण अज्ञात, परंतु उपाय हातीं आला, असा हा विलक्षण प्रकार होता.

मात्र या यशास एक बोंच होती. अशी शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांपैकीं जवळजवळ तिघींत एकीलाच गुण येई. उरलेल्या दोघींनीं यातना सोसाव्या आणि फळ शून्य! कोणती स्त्री ती भाग्यवान् एक, हें आधीं सांगण्याचें साधन सुमारें साठ वर्षें कोणापाशींहि नव्हतें.

तें साधन शिकागो येथील एल्वुड जेन्सन या शास्त्रज्ञाच्या प्रयत्नांतून मिळालें. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यानें इस्ट्रोजेन या स्त्रीहॉर्मोनला किरणोत्सर्गी हायड्रोजनाची खूण लावून तें उंदरांस टोंचलें, आणि तें कोठें जाऊन राहतें तें पाहिलें. रक्ताबरोबर तें सर्वत्र फिरलें. परंतु गर्भाशयासारख्या ठराविक इंद्रियांनींच त्यास धरून ठेवलें. टपालवाला सगळ्या आळींतून फिरतो, पण पत्र ज्याच्या नांवाचें त्याच्याच दारांत पडतें, तसाच हा प्रकार. पत्र स्वीकारणारी जी पेशींतील प्रथिनाची पेटी, तिलाच रिसेप्टर, म्हणजे ग्राहक, असें नांव आहे. स्तनांतील ज्या गांठींत असे ग्राहक असतात त्या बहुधा इस्ट्रोजेनच्या आज्ञेनें वाढतात, व ती आज्ञा थांबविली असतां खुंटतात. ज्यांत ते नसतात, त्यांच्यापुढें हॉर्मोनचा उपचार व्यर्थ. बीटसनच्या तिघींतील एकीचें कोडें असें उलगडलें. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ याचा अर्थ एवढाच, कीं या रोगास धरावयास एक मूठ आहे. पाश्चात्य देशांत चारांपैकीं सुमारें तिघींच्या गांठी अशा असतात. आपल्याकडे हें प्रमाण कांहींसें कमी आढळतें.

आतां अंडाशयें काढण्याची गरज सर्वांस पडत नाहीं. १९६२ मध्यें इंग्लंडांतील एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेंत डोरा रिचर्डसन या विदुषीनें एक द्रव्य सिद्ध केलें. हेतु होता गर्भनिरोधाचा; पण स्त्रियांत त्यानें उलट बीजोत्पत्तीसच चालना दिली! टाकाऊ ठरूं पाहणारें तें द्रव्य म्हणजेच टॅमॉक्सिफेन. मँचेस्टर येथील स्तनरोगी स्त्रियांवरील त्याचे अनुभव १९७१ मध्यें प्रसिद्ध झाले. तें ग्राहकाच्या पेटींत कोरें पाकीट कोंबून बसतें, आणि खऱ्या पत्रास आंत जागाच उरत नाहीं. ग्राहकयुक्त गांठ असणाऱ्या स्त्रियांनीं तें पांच वर्षें घेतलें असतां त्या काळांत रोग उलटण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतें, आणि पंधरा वर्षांतील या रोगानें होणारे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटतात. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या शरीरांत मेद इत्यादि ठिकाणीं थोडें इस्ट्रोजेन तयार होत असतें. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल हीं औषधें तें तयार होणेंच अडवितात; म्हणजे पत्र लिहिणाराचाच हात धरतात.

परंतु पांच वर्षें म्हणजे अठराशेंहून अधिक गोळ्या! येथेंच पुष्कळ घरें कमी पडतात. आमच्या परिचयाच्या त्या काकूंनीं दीड वर्षानंतर गोळी बंद केली. पुतणसुनेनें विचारलें, “काकू, गोळी घेतलीत ना?” तेव्हां उत्तर मिळालें, “अगं, मी ठणठणीत आहें. त्या गोळीनें उगाच अंगाची लाही होते. आणि मला झालें तरी काय होतें? साधी गांठच ना?” काकूंस रोगाचें नांवच कोणी सांगितलें नव्हतें. वडील मंडळींनीं तें प्रेमापोटीं लपविलें होतें. परंतु जिला रोग ठाऊक नाहीं, तिनें कशाच्या भयानें वर्षानुवर्षें गोळी गिळावी? आम्हांस हें प्रेम महाग वाटतें.

सुनेनें धीर करून त्यांस सर्व सांगितलें. काकू दोन दिवस बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं स्वतः डॉक्टरांकडे निघाल्या. लाही होणें हा टॅमॉक्सिफेनचा नेहमींचा त्रास आहे, आणि तो कमी करण्याचे उपाय आहेत. पाय एकाएकीं सुजला व दुखूं लागला, दम लागला, किंवा पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. क्वचित् रक्ताची गुठळी होण्याचा व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका या औषधानें वाढतो. दुसऱ्या जातीच्या गोळ्यांनीं सांधे दुखतात, हाडें विरळ होतात. गोळी बदलावी कीं चालू ठेवावी, हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें. तरुण स्त्रीनें उपचार चालू असतां गर्भ राहूं देऊं नये, आणि मनाच्या विकारावरील कोणतें औषध चालू असल्यास तेंहि सांगावें. त्यांतील कांहीं टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात.

काकूंचीं पांच वर्षें संपावयास अद्याप अवकाश आहे. गोळ्यांची डबी आतां स्वयंपाकघरांत चहाच्या डब्याशेजारीं असते, आणि सकाळीं पहिला कप पुढें करण्यापूर्वीं सून गोळी त्यांच्या हातावर ठेवते.