सात तास झोपलेला माणूस

तंबोऱ्याला शिटबेल्ट बांधलेला मी पहिल्यांदा ग्वाल्हेरच्या हजिऱ्यात पाहिला. डिसेंबर होता, तानसेन समारोहाचे दिवस. १९२४ साली सुरू झालेला हा उत्सव तानसेनाच्या समाधीपाशीच भरतो आणि संध्याकाळच्या सत्राआधी मांडवामागे गाड्यांची रीघ लागते. त्यातल्या एका पांढऱ्या इनोव्हात मधल्या शिटवर तंबोरा आडवा निजवला होता. भोपळ्याखाली घडी घातलेली रजई, वरून घेतलेले दोन पट्टे, आणि त्या बाजूची हीटरची जाळी बंद. "गरम झोत लागला की तारा उतरतात," ड्रायव्हरनं सांगितलं. गाणाऱ्या बाई पुढच्या शिटवर शाल लपेटून बसून आल्या होत्या, आणि त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

गाणं ऐकायला गेलेली मी, पण मन त्या पट्ट्यांत अडकलं. मग पुढची शीट मोकळी असेल तेव्हा मी त्या गाडीत बसू लागले.

गाडीचे ड्रायव्हर, काका, साठीच्या घरातले. घर शिंदे की छावणीत, पणजोबा शिंद्यांच्या पागेत होते असं घरात सांगतात. त्यांची मराठी घरात बोलली जाणारी, अधूनमधून हिंदीच्या वळणावर जाणारी. चांगला ड्रायव्हर कुणाला म्हणायचं, असं मी विचारलं तेव्हा हात, नजर, रस्त्यांची माहिती असलं काहीतरी ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. काका म्हणाले, "सात तास. रात्री सात तास झोपलेला माणूस. बाकी तर सगळं शिकवता येतं, ताई."

सकाळी हवा, ऑइल, पाणी, स्टेपनी बघून काचा पुसल्या की ते एक गोष्ट करतात, ती मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिली नाही. मागचं दार उघडून ते स्वतः मागे बसतात. उजव्या बाजूला, मग डाव्या बाजूला. थंड झोत मानेवर येतो का, समोरच्या शिटमुळे गुडघे अडतात का, पट्टा शिटच्या फटीत गेलाय का, हे सगळं प्रवाशाच्या जागेवरून. बारा-बारा वर्षं एकच गाडी चालवून तिच्या मागच्या शिटवर कधी न बसलेले ड्रायव्हर आहेत, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग होता.

गाडी थांबवण्याची त्यांची रीत नीट पाहावी लागते, नाहीतर निसटते. सिग्नल लांबून दिसला की ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच उचललेला. मग ब्रेक, हळू पण ठाम. आणि गाडी थांबायच्या अगदी शेवटच्या वीतभर अंतरात तो ब्रेक किंचित सैल. त्या सैल सोडण्यामुळे मागच्या माणसाची मान पुढे झुकत नाही. महाराज बाड्याच्या गर्दीत, टमटम, हातगाड्या आणि मध्येच वळणाऱ्या स्कुटरींमधून जाताना त्यांनी ही गोष्ट किती वेळा केली असेल! मागचे दोघं पूर्ण वेळ एका बंदिशीवर वाद घालत होते. वाद काय होता ते मी नंतर मुद्दाम काकांना विचारलं. "तिकडे लक्ष नव्हतं," ते म्हणाले, आणि पुढच्या चौकातल्या खोदकामाबद्दल बोलू लागले. मला हे उत्तर फार आवडलं.

किल्ल्यावर गाडी उरवाई दरवाज्यानं चढते. दोन्ही अंगांना कातळात कोरलेल्या, पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती, आणि मधून अरुंद, उभा चढ. तिथला वास मला अजून आठवतो, जळक्या क्लचचा, करपट आणि घशात बसणारा. समोरून उतरणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी सगळे चढावर थांबतात, आणि बरेच जण अर्धा क्लच दाबून गाडी तोलत राहतात. काकांनी हँडब्रेक ओढला, पाय काढून घेतला आणि काच खाली केली. "पुढची तिसरी," वास घेऊन ते म्हणाले. खरोखरच थोडं वर गेल्यावर तिसरी गाडी कडेला उभी होती. उतरताना त्यांनी ज्या गिअरवर गाडी चढवली होती त्याच गिअरवर ती खाली आणली, ब्रेकला फारसा पाय न लावता.

या गावाचं आणि मोटारीचं नातं जुनं आहे. १९४८ साली केंद्र सरकारनं दिल्लीची बससेवा ताब्यात घेतली, त्याआधी ती चालवत होती ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात ज्या वर्षी रस्ता करात ५० टक्के सवलत जाहीर होते, त्या वर्षी लांबलांबची माणसं इथे गाडी घ्यायला येतात. गाडीसाठी एवढं करणाऱ्या गावात ती चालवणाऱ्याच्या झोपेचा विचार कुणी करत असेल असं मला आढळलं नाही.

झोपेचं मोल कळतं ते आग्र्याच्या रस्त्यावर. मुरैना मागे पडलं की चंबळच्या अलीकडे कोहरा इतका दाट होतो की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. काका मोठा दिवा लावत नाहीत. तो धुक्यावर आपटून डोळ्यांवर परत येतो. खालचा दिवा, काचेवर ब्लोअर, खिडकी दोन बोटं उघडी, कारण ट्रक आधी ऐकू येतो. डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे आंधळेपणानं जायचं नाही, तो शेतात उतरला तर आपणही उतरतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायचे नाहीत, मागच्याला वाटतं गाडी उभी आहे. आणि सगळ्यात भीती मागे दिवा नसलेल्या, दगड नाहीतर वाळू भरलेल्या ट्रॉलीची. "ती दिसते त्यानंतर ब्रेकला जितका वेळ मिळतो, तेवढाच आपला. रात्री चार तास झोपलेल्याला तोही मिळत नाही." परत तेच, सात तास.

मग हे सात तास त्यांना मिळतात का? मैफल रात्री एकला संपते. कलाकार जेवतात, भेटीगाठी होतात, ड्रायव्हर गाडीत. हॉटेलात पाहुण्यांना खोली असते, ड्रायव्हरला पार्किंग असतं, आणि पहाटे काचेवर आतून दव साचलेलं असतं. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, तळावर १५ मिनिटांहून कमी वेळ नुसतं थांबणंही कामातच धरलं होतं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांसाठी. एक मालक, एक गाडी, एक ड्रायव्हर, तिथे तो पोचलाच नाही. थांबण्याला काम न मानणारे लोक त्याच माणसाकडून पहाटे धुक्यात अचूक नजर मागतात. मला हा सरळ अन्याय वाटतो.

समारोहाच्या शेवटच्या दिवशी सकाळचं सत्र तानसेनाच्या गावी, बेहटला होतं. ग्वाल्हेरहून पन्नासेक किलोमीटर. आदल्या रात्री साडेबाराला काकांचा फोन वाजला. सकाळी सहाला गाडी लावा.

"आठला लावतो. दहाच्या आधी बेहटला असाल."

पलीकडचा आवाज चढला. कलाकार मोठे आहेत, उशीर चालणार नाही.

"म्हणूनच आठला."

"मग दुसरी गाडी पाठवतो."

"पाठवा," काका म्हणाले. "फक्त त्या ड्रायव्हरला विचारा, काल किती वाजता झोपला."

थोड्या वेळानं फोन परत वाजला. आठची वेळ पक्की झाली. काकांनी लगेच घरी मुलाला फोन करून दार उघडं ठेवायला सांगितलं आणि ते मला हॉटेलवर सोडायला निघाले, हॉटेल छावणीच्या रस्त्यावरच पडत होतं.